चिंधीची पाथ

फलकने कळ दाबली आणि पाहत राहिली. पडद्यावर पान उघडलं, रकाने आपोआप भरले, एक बटन दाबलं गेलं. ‘धन्यवाद’ अशी पाटी आली, पाठोपाठ हिरवी खूण. चाचणी पास. आठ दिवस सगळं असंच हिरवंगार चाललं होतं.

वेबसाइट तपासायच्या नोकरीसाठी पुण्याची कंपनी तिला महिनाभर पारखून घेत होती. आज शेवटचा दिवस, पाचला अहवाल. पिंपळगाव राजातल्या घरात रेंज नाही, म्हणून ती शेतातल्या कडुनिंबाखाली लॅपटॉप घेऊन बसायची. शेतकऱ्यांनी बोंडअळीची तक्रार नोंदवायची, अशी ती वेबसाइट होती. बीटी कपाशीला अळी लागतच नाही म्हणणारे बियाणेवाले आता फोन उचलत नव्हते. निदान वेबसाइट तरी उचलेल, असं अब्बा म्हणायचे.

समोर वेचणी चालली होती. जेवणं उरकून बाया पुन्हा कपाशीत शिरत होत्या. शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून अब्बा प्रत्येकीला तिची पाथ, म्हणजे वेचायची ओळ, मोजून देत होते.

“पाच, सहा... ए सातवे, हे तुही पाथ.”

“हे नाई, अन्वरभाई. दुपारून दोघी मधात घुसल्या. आता मोजून कसं गावंन? माही पाथ चिंधीची.”

दोन पाथी पलीकडे एका झाडाला लाल चिंधी बांधलेली होती. फलकला राहवेना. ती उठून गेली.

“काकू, चिंधी कव्हा बांधली?”

“जेवाले जातानीच. मोजणी बिघडते, चिंधी कुठी जाते?”

फलक हसत परतली आणि बसता बसता तिचं हसू मावळलं. तिच्या चाचणीतही तेच लिहिलेलं होतं: वरून तिसरं बटन दाब. या वेळी तिने हिरव्या खुणेकडे न पाहता बटनाकडे पाहिलं. वर कुणीतरी आठ दिवसांपूर्वीच एक नवं बटन घातलं होतं आणि बाकीची खाली सरकली होती. तिसऱ्या जागी आता ‘तक्रार मागे घ्या’ होतं. तेही शेवटी ‘धन्यवाद’च म्हणत होतं. तिने ‘तक्रार पाठवा’ स्वतः दाबून पाहिलं. काहीच झालं नाही.

गप्प राहिलं तर नोकरी पक्की होती. तिने एक बोंड तोडून फोडलं, आतल्या गुलाबी अळीकडे पाहिलं आणि पुण्यातल्या वरिष्ठांना, आल्हादसरांना लिहिलं: ‘आठ दिवसांच्या माझ्या हिरव्या खुणा खोट्या आहेत. चूक माझी. “पाठवा” बटन बंद आहे. बटन जागेवरून शोधायला नको; प्रत्येकाला न बदलणारी खूण द्या. ही युक्ती मला आमच्या शेतात मिळाली.’

उत्तराला पाऊण तास लागला. ‘बरं झालं आज कळलं. उद्या दहाला सगळ्यांना तूच समजावून सांग. ही युक्ती कुणाची, तेही सांग.’

युक्ती कुणाची? चार हंगाम ती बाई त्यांच्याच शेतात येत होती आणि फलकला तिचं नाव माहीत नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती चिंधीच्या पाथीत शिरली.

“काकू, तुमचं नाव काय हाये?”

बाईचे हात थांबले. ओटीतला कापूस सावरत तिने आधी धुऱ्यावरच्या अब्बांकडे पाहिलं.

“सोजराबाई,” ती हळूच म्हणाली. “काऊन वं पोरी? काई चुकलं का माह्यं?”