जोडलेल्या तळव्यांतली दोरी

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या आवारातल्या नव्या विहिरीच्या तळाशी काम करणारा माणूस मेला. त्या वेळी विहिरीभोवती बावीस माणसं हात जोडून उभी होती आणि प्रार्थना चालू होती.

मेलेल्याला सगळे पाताळ्या म्हणत. चाळीसावर विहिरी खणलेला माणूस. जमिनीवर चालताना अवघडल्यासारखा चालायचा, तळाशी उतरला की माशासारखा मोकळा. त्याचा वरचा जोडीदार डावरा. हा डाव्या हातानं रहाट फिरवायचा म्हणून डावरा. दोघांची जोडी अठरा वर्षांची. पाताळ्या खाली, डावरा वर, आणि दोघांच्या मध्ये बोटाएवढी इशाऱ्याची दोरी. एक हिसका म्हणजे गाळाची पाटी ओढ. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मला वर घे. खाली माणूस असेपर्यंत वरच्यानं ती दोरी हातातून सोडायची नाही; पाणी प्यायचं झालं तरी दुसऱ्या हातानं प्यायचं. या धंद्यात एवढा एकच नियम.

पाताळ्या रविवारी देवळात फारसा दिसत नसे. उतरताना मात्र रहाटाच्या खांबाला हात लावून तो एकच वाक्य म्हणायचा, "बापा, वरच्याला जागं ठेव." मग डावऱ्याकडे बघून डोळा मिचकवायचा. डावरा म्हणायचा, "तुझी प्रार्थना आणि माझी हजेरी एकदमच होते."

आदल्या संध्याकाळी सुरुंगानं खडक फुटला आणि पाणी लागलं. सकाळी तळाची हवा तपासायला कंदील सोडून पाहिला, नीट जळला. पाताळ्या गाळ काढायला उतरला. पाणी बघायला आजूबाजूच्या गावांतले लोक जमले. प्रार्थना ठरली होती दहाला. पण मंडळीच्या पंचांना जमलेली माणसं मोकळी उभी राहिलेली बघवत नसत. भट्टी तापली की लोहाराचा हात शिवशिवतो, तसं.

पंच हे मंडळीतलं मोठं प्रस्थ. आवाज भरदार, शास्त्र तोंडपाठ, प्रार्थना लांब. चुलीवर दूध ठेवून पंचांच्या प्रार्थनेला जाऊ नये, असं बायका म्हणत. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

डावरा म्हणाला, "काका, खाली माणूस आहे. त्याला वर घेतो, मग करा."

"असू दे. तोही प्रार्थनेतच आहे. हात जोड."

डावऱ्यानं रहाटाला खुंटी लावली. इशाऱ्याची दोरी सोडली नाही; दोन तळव्यांच्या मध्ये धरून हात जोडले. नियम मोडला नाही आणि पंचांचा शब्दही मोडला नाही, असं त्याला त्या क्षणी वाटलं. डोळे मिटले. ते मिटण्याला कारण होतं. तीनच आठवड्यांपूर्वी भर उपासनेत पंचांनी त्याच्याकडे बोट करून म्हटलं होतं, की काही जण देवासमोरही डोळे उघडे ठेवतात, जणू इथे चोऱ्या होतात. सगळं देऊळ वळून हसलं होतं. डावऱ्याची पोरगी त्या दिवशी खाली मान घालून घरी आली होती, आणि तिच्या लग्नाच्या घोषणा, रिवाजाप्रमाणे तीन रविवारी, याच देवळात वाचल्या जायच्या होत्या.

प्रार्थनेत पंचांनी पाण्याबद्दल आभार मानले. दगडाबद्दल मानले. मग म्हणाले, "आणि शेवटी, हे प्रभू." तेव्हा दोरीला हिसका बसला. एक, दोन, तीन. डावऱ्याच्या मनात आलं, शेवटी म्हणालेत, आमेन होऊ दे. पंच "शेवटी" एकूण चार वेळा म्हणाले. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये दोरी आणखी एकदा हलली, अगदी हलकी, मासोळीनं गळाला तोंड लावावं तशी. मग तळवे नुसतेच घामेजले.

नऊ सत्तावीसला आमेन झालं. पाताळ्याला वर काढलं तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत दोरीचं टोक होतं. खडकाच्या फटीत कोंडलेला वायू टिकावाच्या घावानं मोकळा झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

हवालदारानं विचारलं, "इशारा आला होता?"

डावऱ्यानं पंचांकडे पाहिलं. पंच आकाशाकडे बघत होते. तो म्हणाला, "दोरी हलली नाही."

तसं लिहिलं गेलं.

त्यानंतर डावऱ्याला हात जोडता येईनात. तळवे जवळ आले की मध्ये दोरी असायची. एक, दोन, तीन. देवळात तो हात मांड्यांखाली दाबून बसू लागला. गाय बांधायला दावं धरलं आणि गायीनं मान झटकली, की हा चटका बसल्यासारखा मागे सरके. गाय मोकळी सुटून शेजारणीचा वाफा खाऊन आली. जेवायला बसताना बायको प्रार्थना म्हणायची, तोवर हा ताटाच्या कडा धरून असायचा.

एका दुपारी बायको दाणे पाखडता पाखडता म्हणाली, "एक विचारू? पंचांचे डोळे प्रार्थनेत मिटलेले असतात ना?"

"असतात की."

"मग तुमचे उघडे त्यांना दिसले कसे?"

सूप थांबलं.

"मी गंमत म्हणून म्हटलं हो," बायको म्हणाली. पण तिचा आवाज गमतीचा नव्हता.

तो बराच वेळ अंगणातल्या तापलेल्या मुरमाकडे बघत बसला. पंच त्या दिवशी त्याच्या समोर उभे होते, चार हातांवर. जोडलेल्या तळव्यांतून लोंबणारी दोरी तीनदा ताणली गेली, ती चार हातांवरून कुणालाही दिसली असती. डोळे उघडे असते तर.

तिसऱ्या आठवड्यात पंच स्वतः घरी आले. खाटेवर बसले, पाणी मागितलं, त्या नव्या विहिरीचं नाही ना म्हणून हसले. एक घर सोडलं तर त्या विहिरीचं पाणी अजून कुणी पीत नव्हतं.

"रविवारी विहिरीचं समर्पण आहे. शहरातून पाळकसाहेब येतायत. तू साक्ष द्यायचीस."

"मी? कसली?"

"तू त्याचा जोडीदार. तो कसा गेला ते लोकांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. प्रार्थनेच्या आवाजात गेला. असं मरण कितीजणांना मिळतं?"

"मला बोलता येत नाही, काका."

"पाचच वाक्यं आहेत. लिहून आणलीत." पंचांनी घडी घातलेला कागद पुढे केला. अक्षर सुरेख होतं. तिसरं वाक्य असं होतं: दोरी शेवटपर्यंत शांत होती.

डावऱ्यानं त्या ओळीवर अंगठा ठेवला. "हे तिसरं."

"पोलिसांना तूच सांगितलंस. मी पदरचं काही घातलेलं नाही."

"काका, तुम्ही माझ्यासमोर होता. तुम्हाला काही दिसलं नाही?"

"प्रार्थनेत मी डोळे उघडत नाही," पंच म्हणाले. प्रश्न संपायच्या आत म्हणाले. मग उठले, उपरणं झटकलं. "पोरीच्या लग्नाची तिसरी घोषणाही त्याच रविवारी आहे, नाही का? छान होईल. आनंदाला आनंद."

शनिवारी चारच्या उन्हात डावरा विहिरीवर गेला. तिथे पाताळ्याची बायको पाणी काढत होती. त्या विहिरीचं पाणी भरणारी गावात ती एकटी. हंडा काठावर ठेवून ती दम खात होती.

"वहिनी, हे पाणी पिता तुम्ही?"

"का? पाण्यानं काय केलंय? त्यांनीच काढलंय ते." तिनं पदरानं कपाळ टिपलं. "लोक म्हणतात, विहीर बाधली. मी म्हणते, मग तुमच्या समर्पणानं ती सुटणार कशी? भावजी, तुम्ही बारीक झालात."

"ऊन फार आहे."

"ऊन दरवर्षी असतं."

तिनं दुसरी बादली सोडली. रहाट कुरकुरला. डावऱ्यानं हात पाठीमागे घेतले.

"मी तुम्हाला विचारणार नाही," ती बादलीकडेच बघत म्हणाली. "हवालदारानं विचारलं, पंचांनी विचारलं, सगळ्यांचं विचारून झालंय. मी रोज सकाळी देवाला सांगते, ज्याचं चुकलं असेल त्याला क्षमा कर. पण मला माहीतच नाही कुणाचं काय चुकलं. पत्ता न लिहिता पत्र टाकायचं, तसं चाललंय माझं. ते कुठे पोचत असेल?"

"तुम्हाला वाटतं, कुणाचं चुकलं?"

"त्यांच्या मुठीत दोरी होती, भावजी. मूठ मी सोडवली. गार पडलेलं एकेक बोट उचलून सोडवली. जो ओढत नाही, तो एवढी घट्ट धरत नाही."

तिनं हंडा उचलला आणि गेली. डावऱ्यानं हात लावू का म्हणून विचारलं नाही. त्याला हात पुढे करवेना.

रविवारी विहिरीभोवती शंभरएक माणसं होती. शहरातले पाळक सावलीत खुर्चीवर. काठावर संगमरवरी पाटी, तिच्यावर रुमाल. पंच पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी सांगितलं, आधी प्रार्थना, मग साक्ष, मग पाटी उघडायची आणि शेवटी लग्नाची घोषणा. "सर्वांनी डोळे मिटावेत, हात जोडावेत."

शंभर माणसांनी डोळे मिटले. डावऱ्यानं मिटले नाहीत. त्याला पहिल्यांदाच प्रार्थना नीट दिसली. कुणाच्या पापण्या थरथरत होत्या. कुणी चप्पल शोधत होतं. त्याची बायको ओठ चावत होती. आणि पंचांचे डोळे किंचित उघडे होते, बारीक फटीएवढे. ते गर्दी मोजल्यासारखे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत आले आणि डावऱ्यावर थांबले.

"दोरी हलली होती," डावरा म्हणाला.

पंचांचा आवाज चढला. "हे प्रभू, या जलाबद्दल..."

"तीनदा हलली. माझ्या हातांत होती, या दोन तळव्यांत. मी आमेनची वाट पाहिली. मग आणखी एकदा हलली, तेव्हाही पाहिली. हवालदाराला मी खोटं सांगितलं."

पंच प्रार्थना करतच राहिले. आवाज आणखी वाढवला, शब्द एकमेकांवर पडू लागले. पण आता कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते. शंभर माणसं डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती, आणि आपल्याकडे लोक बघतायत हे त्यांना दिसत होतं. आमेन न म्हणताच ते थांबले.

पाताळ्याची बायको गर्दीतून पुढे आली. डावऱ्यासमोर उभी राहिली. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"वर बघा, भावजी. चौथ्यांदा कितीशी हलली?"

"हलकी. अगदी हलकी."

तिनं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली. मग पंचांकडे वळली. "आणि तुम्ही त्या दिवशी कुठे बघत होता?"

पंच म्हणाले, "ही वेळ नाही, बाई."

पाळकसाहेब खुर्चीतून उठले आणि सगळ्यांनी घरी जावं असं म्हणाले. पाटीवरचा रुमाल कुणी काढला नाही. लग्नाची घोषणा वाचली गेली नाही. वाटेत पोरगी बापाच्या बाजूनं चालली. घरी पोचल्यावर तिनं त्याला पाणी दिलं.

सोमवारी डावरा चौकीवर जाऊन जबाब बदलून आला. हवालदारानं विचारलं, "प्रार्थना सांगणाऱ्याचं नाव घालू?"

"माझं घाला. हात माझे होते. त्यांचं ते सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

डावऱ्यानं सही केली. हवालदार म्हणाला, प्रकरण वर पाठवावं लागेल, तुम्ही गाव सोडू नका.

मंगळवारी मंडळीची बैठक होती. पंच आले नाहीत. पोरीच्या सासरहून निरोप आला नाही, होकाराचा नाही आणि नकाराचाही नाही.

बुधवारी सकाळी अकराला पाताळ्याची बायको पंचांच्या घरी गेली. रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर डावरा बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण थांबली नाही; पत्ता सापडलेलं पत्र स्वतःच पोचवायला निघाल्यासारखी चालत होती. पंचांनी स्वतः दार उघडलं. ती आत गेली आणि दार लागलं.

पंचांच्या घरातून दिवसभर त्यांचा आवाज येत असतो, शेजाऱ्यांना त्याची सवय आहे. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आतून काहीच ऐकू आलं नाही. दार तोवर उघडलं नव्हतं.