बाजूने पाहिलेली माशी

मित्रांनो, पितळी कडीचं, कडेला टवका उडालेलं एक जुनं भिंग आज तुमच्याशी बोलतंय. एका चष्मेवाल्याने मला दिवसचे दिवस घासून घडवलं आणि मी कीटकांच्या प्रयोगशाळेत बाईंच्या हाती आलो.

बाईंचं काम माशा ओळखण्याचं. ऐकायला सोपं, पण भल्याभल्यांना घाम फोडणारं! दोन घराण्यांच्या माशा सख्ख्या बहिणींसारख्या राखाडी, दोघींच्या पाठीवर काळे पट्टे. एकीची पिल्लं सडक्या मांसावर वाढतात, तर दुसरीची कोबी कुरतडणाऱ्या अळीला आतून खाऊन. बाई मला डोळ्याशी धरून हा भेद शोधत, तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगायची.

एका दुपारी कोबी पिकवणाऱ्या एक ताई बरणीत माशा घेऊन आल्या. त्यांच्या पिकावर अळ्या पडल्या होत्या आणि या माशा तिथेच घोंगावत होत्या. माशा अळ्या संपवणाऱ्या असतील तर औषध मारायचं नव्हतं. नसतील तर त्याच संध्याकाळी फवारणी होती. बाईंच्या टेबलावर कामाचा ढीग होता. त्यांनी वरूनच पाहिलं, पट्टे दिसले, आणि सडक्या मांसावरची माशी असं लिहून दिलं. ताई गेल्या.

मग बाईंनी त्यातली एक माशी संग्रहाच्या पेटीत ठेवायला टाचली. टाचणी नेहमी मधोमध नाही, किंचित उजवीकडे खुपसायची, म्हणजे एक बाजू शाबूत राहते, ही त्यांची शिस्त. टाचणी सरळ आहे ना, हे पाहायला त्यांनी मला बाजूने धरलं. पाठीच्या मागच्या टोकाखाली एक छोटासा फुगवटा होता. तो फक्त अळ्या संपवणाऱ्या घराण्यात असा ठळक असतो. आपण चुकलो हे बाईंनी तडक प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणाले, "अहो, कागद गेलाय. आता बदललं तर आपलं हसू होईल."

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. "माझी चूक झाकायला त्या माशांनी का मरायचं?"

त्यांनी लगेच फोन लावला. ताईंनी पंप पाठीवर घेतला होता.

"ताई, पंप खाली ठेवा. मी चुकले. या माशा तुमच्याच कामाच्या आहेत."

पंधरा दिवसांत अळ्या आटोक्यात आल्या. कोबी वाचला.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. प्रयोगशाळेत माशी मोठी करून दाखवणारा संगणकाचा पडदा आलाय आणि मी खणात पडून असतो. कधी कुणी शर्टाच्या टोकाने मला खसाखसा पुसतं, चरे पडतात. मित्रांनो, तेवढं करू नका, मऊ कापड घ्या. आणि ती माशी पेटीत आहे, ती जरूर पाहा. तिच्याखालच्या चिठ्ठीवर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: "आधी मी चुकीची ओळखली." खाली सही आहे, पूर्ण नावानिशी.