जिनिंगच्या हौदाची बाज

मी हौद बोलतोय. जमिनीत पुरलेला, दगड-सिमेंटचा, खोल हौद. माझ्या उशाशी एक निळी पाटी ठोकली आहे. तिच्यावर ‘स्विमिंग पूल’ लिहिलं आहे म्हणे. मला अक्षर येत नाही, पण येणारा जाणारा मोठ्यानं वाचतो म्हणून कळलं. तुम्हाला मला पूलबील म्हणायचं असेल तर पुढं चला, माझं तुमच्याकडं काही काम नाही. हौद म्हणत असाल तर बसा काठावर. पाय आत सोडू नका.

दारव्ह्याकडून येताना डाव्या हाताला टिनाचं लांबच लांब छप्पर दिसतं ना, ती आमची जिनिंग. तिथं कापसातून सरकी काढून रुई वेगळी व्हायची. मला फकिरा मिस्त्रीनं बांधलं. मालक वामनराव तेव्हा काळ्या मिशीचे होते. त्यांनी फकिराला सांगितलं, “हत्ती बुडला पायजे इतका खोल कर.”

“हत्ती कुठी हाय मालक आपल्याकडं?”

“कापूस हाय ना. पेटला का हत्तीच होते तो.”

म्हणजे माझा जन्म पोहण्यासाठी नाही, आग विझवण्यासाठी आहे. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आग एकदा लागलीही. कापसाची आग मोठी लबाड असते. वरून विझली वाटते आणि आत धुमसत बसते. त्या दिवशी झाडू मारणाऱ्या लालीबाईपासून दिवाणजीपर्यंत सगळी माणसं रांगेत उभी राहिली. बादल्या या हातातून त्या हातात गेल्या. माझा तळ दिसायला लागला तेव्हा कुठं ती विझली. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी माझ्या काठावर नारळ फोडला. खोबरं माणसांनीच खाल्लं, पण मान मला मिळाला.

मग कापसाचे दिवस फिरले. काहून फिरले ते मला विचारू नका. माझ्या काठावर बसून शिकलेली माणसं तासन् तास भांडली. कोणी बियाण्याला नावं ठेवली, कोणी भावाला, कोणी पावसाला. मला एवढंच कळलं की कापसाच्या बैलबंड्या यायच्या थांबल्या. यंत्रांचा आवाज थांबला. माणसं गावोगाव पांगली.

वामनराव मात्र थांबले नाहीत. यंत्रं फिरवणारे लांब पट्टे होते, जाड सुती कापडाचे, थरावर थर शिवलेले. ते त्यांनी गोदामात उंच टांगून ठेवले, उंदीर लागू नयेत म्हणून. दर आठवड्याला खाली काढायचे, पुसायचे, परत टांगायचे. आणि मला काठोकाठ भरून ठेवायचे. कापूस आला आणि पेटला तर पाणी नको का?

त्यांचा पोरगा रजत हुशार निघाला. त्यानं जिनिंगच्या अंगणात गवत लावलं, दिवे लावले आणि लग्नं लावायला सुरुवात केली. मला आतून निळा रंग फासला. ह्या वयात! फोटोवाला नवरा-नवरीला माझ्या काठावर उभं करतो आणि सांगतो, पाण्याकडं पाहा आणि हसा. पाण्यात हसण्यासारखं काय असतं? मी तर कधी हसलो नाही.

हे सगळं मी खपवून घेतलं. खरी पंचाईत झाली ती वैष्णवीमुळं. वैष्णवी म्हणजे रजतची पोरगी, घरची वैशू. चालायला शिकली आणि सरळ माझ्याकडंच आली. एका पायातली चप्पल काढून माझ्यात टाकली. ती बुडते का पाहायला दुसरी टाकली. मग स्वतः वाकली. तेवढ्यात तिची आई दिपाली धावत आली आणि दंडाला धरून तिला मागं ओढलं.

संध्याकाळी ओसरीवर दिपालीनं सगळ्यांसमोर सांगितलं, “मामाजी, एक तं हौदाले झाकण लावा, नाही तं मुरूम टाकून बुजवा. मी सांगून देते.”

वामनराव म्हणाले, “झाकला अन् आग लागली तं पाणी कुठून काढान?”

“जिनिंगमधी कापूसच नाही तं आग कायले लागन?”

सासऱ्याला असं कोणी बोलू नये खरं. पण चूक ती बोलली नव्हती. बरं, मला रिकामं करूनही भागत नव्हतं. इतका खोल कोरडा खड्डा तर पाण्याहून वाईट.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. झाकण मिळालं तर मी राहणार, नाही मिळालं तर मुरूम.

पहिलं आलं टिनाचं झाकण. चार गडी लागले ठेवायला. उन्हात असं तापलं की वर पापड भाजले असते. रजत खूश. पण उचलायला चार गडी, म्हणजे ठेवायलाही चार. एकदा फोटोसाठी काढलं ते तीन लग्नं उघडंच राहिलं. जे झाकण आळसानं उघडं राहतं ते झाकण नव्हे, अडगळ आहे. हे मी तेव्हाच सांगितलं असतं, पण विचारतो कोण?

दुसरी आली लोखंडी जाळी, राजूरच्या भंगारातून. मजबूत होती, खोटं कशाला बोलू. पण भोकं केवढी! दिपालीनं वैशूची चप्पल त्यात घातली, आरपार गेली. “चप्पल गेली तं पाय जाईन,” ती म्हणाली आणि जाळी परत गेली.

तिसरी ताडपत्री. ही सजावटवाल्याची अक्कल. त्यानं माझ्यावर ताडपत्री ओढली, कडांना विटा ठेवल्या आणि ओंगळ दिसते म्हणून वरून हिरवी चटई अंथरली. झालं! मी कुठं आहे ते मलाच दिसेना. पाणी दिसतं तोवर माणूस जपून चालतो हो. पाण्याची जमीन करून ठेवली तर तो कशाला जपेल?

त्या दिवशीच्या लग्नात नवरदेवाचे मोठे मामा बाबाराव रुसले होते. चहा उशिरा आला म्हणून. त्यांनी मंडपातली खुर्ची उचलली आणि म्हणाले, “एवढी मोकळी जागा सोडली अन् लोकं एकमेकाच्या अंगावर बसले! अक्कल हाय का कोणाले?” आणि खुर्ची माझ्या बरोब्बर मधोमध मांडून बसले.

बसले ते बसतच गेले.

आधी खुर्चीचे पाय, मग खुर्ची, मग मामा. विटा टपाटप आत आल्या. ताडपत्री चारी बाजूंनी त्यांना गुंडाळायला लागली. मी काय करणार? मी पाणी धरतो, माणूस धरत नाही. सजावटवाल्याच्या पोरांनी ताडपत्रीचं टोक धरून त्यांना मासळीसारखं ओढून काढलं. बाहेर येताच मामा ओरडले, “माहा फेटा!” फेटा माझ्यात तरंगत होता. अख्खं वऱ्हाड हसलं. नवरीसुद्धा हसली. मामांना लगेच चहा मिळाला, दोन कप.

हसली नाही ती दिपाली. वैशूला कडेवर घट्ट धरून ती रजतला हळूच म्हणाली, “मामा होते म्हणून आवाज तरी झाला. त्या जागी ही असती तं?”

रजतचं हसू तिथंच विरलं. त्यानं लालसिंगला निरोप धाडला, मुरमाचा टिप्पर घेऊन ये.

मी काय बोलू? पोरीपुढं हौद काय चीज आहे. बुजवलं असतं तरी मी तक्रार केली नसती. केली असती, थोडी.

वामनराव दुसऱ्या दिवशी ओसरीवर बाजेवर पडून होते. जेवले नव्हते. त्यांची बायको मैनाबाई आली.

“उठा बरं. पायथा ढिला झाला बाजेचा, ताणू द्या.”

“पडू दे ना मले.”

“पडा ना मंग ढिल्या बाजेवर. उद्या कंबर दुखली तं माह्यापाशी कण्हू नका.”

ते उठले. मैनाबाईनं पायथ्याची दोरी ओढून ओढून नवारीच्या सुती पट्ट्या अशा ताणल्या की बाज वाजायला लागली. तेवढ्यात वैशू वर चढली आणि उड्या मारायला लागली.

“उतर वं पोट्टे! आताच ताणली ना!”

पोट्टी कशाची ऐकते. आणि वामनराव एकाएकी वाकले. त्यांनी बाजेखाली हात घातला आणि पाहत राहिले, पोरगी आदळते तेव्हा वीण किती खाली येते. येत होती, पण थोडी. लगेच वर जात होती. खालून पोरगी दिसत होती, वरून जमीन दिसत होती. लपत काही नव्हतं.

“मैना,” ते म्हणाले, “एवढी बाज विणशीन का?” आणि माझ्याकडं बोट केलं.

“कोणाले झोपवता तिच्यावर, हत्तीले?”

“सांग ना. होईन का?”

“वीण तं तेच असते. पण एवढी नवार कुठून आणसान?”

वामनराव गोदामाकडं चालायला लागले. रजत मागं धावला.

“बाबा, ते पट्टे? जिनिंग सुरू होईन तवा लागतीन म्हणून तुम्हीच तं...”

“तवा नवे घेऊ. कोयता आण.”

पहिला पट्टा त्यांनी स्वतः कापला. कापण्याआधी नेहमीसारखा पुसून घेतला. सवयीनं असेल, मी कशाला काही म्हणू?

मग काम सुरू झालं. माझ्या चारी कडांना लोखंडी कड्या बसवल्या. आधी लांबीचे पट्टे, मग आडवे, एक खालून एक वरून. मैनाबाई खुर्चीवर बसून ओरडत होती, “तो सुटला ना रे! डोळे कुठी गेले? चार दिस शाळेत जास्त गेला म्हणून बाज विणता येत नाही!” रजत घामाघूम. दिपाली वैशूची चप्पल घेऊन प्रत्येक भोकापाशी बसायची. चप्पल गेली की म्हणायची, “इथी अजून एक.” कोणी वाद घातला नाही. एका बाजूला पायथा ठेवला, दोरी ओढून ताण द्यायला.

शेवटची गाठ बसते न बसते तोच लालसिंग टिप्पर घेऊन हजर. खाली उतरून म्हणाला, “बोला मालक, कुठी ओतू?”

“थांब जरा,” वामनराव म्हणाले. “माहं झोपणं होऊ दे.”

आणि जोडे काढून ते माझ्यावर आले. हळूहळू, मधोमध. आडवे झाले. पट्टे कुरकुरले, थोडे दबले आणि थांबले. त्यांची पाठ कोरडी राहिली. मी खालून पाहत होतो. ज्या माणसानं मला बांधून घेतलं, इतकी वर्षं भरून ठेवलं, त्याला मी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

सगळे काठावर वाकून उभे. थोड्या वेळानं वरून घोरण्याचा आवाज आला.

“अवं माय, खरंच झोपले!” मैनाबाई म्हणाली.

रजत म्हणाला, “चला, पास झालं.” पण सगळ्यांनी दिपालीकडं पाहिलं. तिनं पदर खोचला आणि ती स्वतः वर आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. कोपऱ्यात थांबून दोन उड्या मारल्या. वामनराव जागे झाले आणि म्हणाले, “कोण हाय बे?”

दिपाली काठावर आली. “लालसिंगभाऊ,” ती म्हणाली, “मुरूम फाटकापासल्या खड्ड्यात टाकून द्या. गाड्या फसतात तिथी.”

अशी माझी सुटका झाली.

आता दोन पावसाळे झाले. फोटो काढायचे तेव्हा रजत कड्या आणि पायथा सोडून बाज बाजूला गुंडाळतो, लगेच परत बांधतो. एकटा बांधतो, गडी लागत नाहीत, म्हणून विसरत नाही. दिपाली दर शनिवारी पट्टा न् पट्टा हातानं चाचपते. एक कुजलेला सापडला, तो बदलला. झाकण आहे म्हणून पोरीवरची नजर तिनं अजून काढलेली नाही, आणि काढू नये. बाबाराव परवा दुसऱ्या लग्नाला आले होते. माझ्यापासून चार हात लांब बसले. चहा वेळेवर आला.

तुम्हालाही कुठं हौद, विहीर झाकायची असेल तर म्हाताऱ्याचं ऐका. जे झाकण पाणी लपवतं ते घेऊ नका. जे उचलायला गाव गोळा करावं लागतं तेही घेऊ नका. आणि लेकरू जवळ जाण्याआधी घरच्या धन्यानं त्यावर झोपून दाखवावं. त्याला झोप लागली तर घ्या.

वामनराव रोज संध्याकाळी येतात, पायथ्याची दोरी ओढून पाहतात. वीण भरताना त्यांनी एका कोपऱ्यातून पंपाचा पाइप आत सोडून ठेवला आहे. तो कशाला, असं घरात कोणी विचारत नाही. मला माहीत आहे. म्हणून जाता जाता माझं मागणं सांगून ठेवतो, ऐकणारा कोणी असेल तर त्यानं ऐकावं. या आवारात आग कधी लागू नये. पण लागू शकेल एवढा कापूस एकदा यावा.

चला, उठा आता काठावरून. बाज बांधायची वेळ झाली.