शेरभर दूध

ठकुबाईनं आयुष्यात दुधाचा एक थेंबही कधी उतू जाऊ दिला नव्हता. हे ती स्वतः सांगत नसे, तिची नणंद कस्तुराबाई सांगे. आणि बंगळूरच्या चिकपेटेतल्या त्या घरात कस्तुराबाईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. नवरा गेल्यावर सहा वर्षांच्या बसवंताला घेऊन ठकुबाई खानापूरहून नणंदेकडे आली, त्याला आता अठरा वर्षं होत आली होती. कस्तुराबाईनं आसरा दिला, पोराला शिकवलं, कधी उपाशी ठेवलं नाही. खोटं कशाला बोला? पण पहिल्याच दिवशी चूल ठकुबाईकडे आली ती कायमची. घरात खाणारी तोंडं नऊ आणि दूध बेताचं. बाहेरच्या सोप्यात बसूनही कस्तुराबाईला दुधाचा वास लागे. "ठकू, दूध!" अशी आरोळी यायची, आणि ती पुरी व्हायच्या आत ठकुबाईचा हात पातेल्याला लागलेला असायचा. फडकं शोधायलाही ती थांबत नसे. तिच्या बोटांची टोकं केव्हाच निबर झाली होती.

बसवंत शिकला, कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर लागला, आणि यंदा त्याला जयनगरच्या नव्या वसाहतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ठकुबाईनं जागा एकदाच पाहिली होती. स्वयंपाकघरात उभ्यानं रांधायचा सिमेंटचा कट्टा, कट्ट्यावर गजांची खिडकी, आणि नळ चक्क घरात! तिनं तो चार वेळा सोडला आणि चार वेळा बंद केला. बसवंत हसायला लागला तेव्हा कुठं तिनं हात आवरला. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

नव्या घरात शिरलं की आधी दूध उतू घालवायचं, मग बाकीचं. ठकुबाईनं हे पुष्कळांच्या घरी पाहिलं होतं, पण दारात उभं राहून, दुसऱ्याचं ताट हातात धरून. आपल्या घरी, आपल्या शेगडीवर, आपल्या हातानं एकदा दूध उतू घालवावं, एवढी एकच इच्छा तिनं मनात धरली होती. बोलली मात्र कुणाशी नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधताना कस्तुराबाई म्हणाली, "उद्या दूध मी घालवते. सवाष्णीच्या हातचं असलेलं बरं."

"बरं," ठकुबाई म्हणाली आणि वळकटीची दोरी जरा जास्तच जोरात आवळली.

बसवंतानं ते पाहिलं. "आत्या, दूध घरच्या बाईनं घालवायचं असतं ना? त्या घरची बाई आई आहे."

कस्तुराबाईचा चेहरा पडला. तिचे यजमान आप्पाजी एरवी घरात तोंड उघडत नसत, त्यांचा सगळा आवाज कापडाच्या दुकानात खर्च व्हायचा. पण त्या दिवशी ते म्हणाले, "सरी, सरी. बरोबर आहे त्याचं. तिचं घर, तिला करू दे."

"करू दे की! मी कशाला नको म्हणू?" कस्तुराबाई फणकारली. "पण उद्या शुक्रवार. साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत जमलं नाही, तर पातेलं माझ्या हातात द्यायचं. मग मला कुणी बोलायचं नाही."

सकाळी सहाला बसवंताचा कारखान्यातला दोस्त मल्लाप्पा बैलगाडी घेऊन हजर झाला. त्याची दुपारची पाळी होती, त्यामुळे सकाळ मोकळी. ट्रंका, वळकट्या, हंडा-कळशी चढली. पाटा उचलताना तो कण्हला, "अव्वा, ह्यात दगड भरलाय की काय?"

"दगडच आहे रे बाबा, पाटा आहे तो," ठकुबाई म्हणाली, आणि एवढ्याशा गोष्टीवर सगळे पोट धरून हसले. त्या सकाळी कशावरही हसू येत होतं.

बायका आणि आप्पाजी घोड्याच्या जटक्यात बसले. ठकुबाईच्या मांडीवर शेरभर दुधाची कासंडी होती. कस्तुराबाई वाटभर कुरकुरत होती: जयनगर म्हणजे रान, तिथं भाजी मिळायची नाही, कोल्हे मात्र भेटतील. पण तिच्या पायाशी पापडांचा डबा होता, मसाल्याची बरणी होती आणि वर्षभर पुरेल एवढं लोणचं होतं. हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं बांधलं होतं, कुणी न सांगता. लालबाग मागं पडली, रस्ता रुंद झाला, वारा अंगावर आला. ठकुबाईला वाटलं, मोठ्यानं ओरडावं. नणंद शेजारी होती म्हणून नुसती हसली.

नऊला पोचले. आधी देव आत गेले, मग पाण्यानं भरलेली कळशी, मग मीठ. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. कोळसे तेवढे दमट निघाले. मल्लाप्पानं पुठ्ठ्यानं वारा घातला, बसवंतानं फुंकून फुंकून डोळे लाल केले, आणि शेगडी फुलली तेव्हा आप्पाजींच्या घड्याळात दहा वाजून गेले होते.

ठकुबाईनं कट्ट्यावरच्या शेगडीवर पातेलं ठेवलं, दूध ओतलं, हळदकुंकू वाहिलं. सगळे भोवती दाटीनं उभे राहिले. साय सुरकुतली. कडेनं बुडबुडे आले. फेस वर चढला, काठाला आला, आणि ठकुबाईनं दोन्ही हातांनी पातेलं उचलून खाली ठेवलं.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मल्लाप्पा खो खो हसत सुटला.

"अगं आई!" बसवंत म्हणाला.

ठकुबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "मी नाही उचललं," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. उचललं होतं ते अठरा वर्षांच्या सवयीनं.

पातेलं पुन्हा चढलं. या खेपेला तिनं हात कमरेला लावले. दूध वर आलं, काठावर फुगलं, आणि तिच्या तोंडून आपसूक फुंकर गेली. फेस गपकन खाली बसला.

आता कुणी हसलं नाही. आप्पाजींनी घड्याळ पाहिलं. "दहा पंचवीस."

कस्तुराबाईनं पदर खोचला. "सर, ठकू. दे मला. तुझ्यानं नाही व्हायचं."

एवढ्या वर्षांनी घर मिळालं, आणि इथंही तिनं ताटच धरायचं? ठकुबाईला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता, सगळा आपल्याच हातांचा.

"नको, वन्सं," ती म्हणाली.

कस्तुराबाई थबकली. या तोंडून 'नको' तिनं कधी ऐकलं नव्हतं.

ठकुबाई कट्ट्याला टेकली आणि तिनं समोरच्या खिडकीचे दोन गज दोन मुठींत घट्ट धरले. दातांवर दात रोवले. शेगडी तिच्या दोन हातांच्या मधोमध होती. दूध हललं, चढू लागलं. तिची बोटं गजावर वळवळली, तिनं ती पांढरी होईस्तोवर आवळली. फेस काठावर आला, फुगला, थरथरला, आणि पहिला ओघळ पातेल्याच्या अंगावरून खाली गेला.

निखाऱ्यांवर चर्र झालं. वाफ उठली, करपल्या दुधाचा वास खोलीभर पसरला. आणि सोप्यात बसून अठरा वर्षं पहारा केलेली कस्तुराबाई, कुठं उभी आहे ते साफ विसरून, जिवाच्या आकांतानं ओरडली, "ठकू, दूध!"

ठकुबाईनं गज सोडले नाहीत. मान तेवढी वळवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चेहरा हसत होता.

"जाऊ दे की, वन्सं," ती म्हणाली. "माझंच आहे."