रिकाम्या ओळी

"बाई, तुमचं फोल्डर ह्यात न्हाय," नवनाथ म्हणाला. बॅकअपची डिस्क त्याच्या हातात होती.

"न्हाय म्हंजे? मग कुटं हाय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

सोलापुरातल्या त्या जुन्या शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच, लॉगिन मात्र चौघांची चार. सकाळी कॉम्प्युटर बसला आणि दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. तरी नवनाथ निर्धास्त होता, कारण बॅकअप त्यानंच लावला होता. दर शनिवारी हिरवी खूण दिसली की हा पठ्ठ्या ऐटीत सांगायचा, "तुमचं समदं सेफ हाय, बाई." पण लावला होता स्वतःच्या लॉगिनमधून. दोन वर्षं जपलं गेलं ते फक्त त्याचंच: सहलीची पत्रकं, सुट्ट्यांचे अर्ज आणि भाच्याच्या बारशाचे फोटो.

त्याच दोन वर्षांत मुक्ताबाईंनी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या पोरांची नोंदवही, टाइप केलं होतं. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधत माणसं अजून यायची, आणि कागद तर बोट लागलं तरी झडायचा. एक पान टाइप होता होताच गेलं. त्याचा चुरा बाईंनी पाकिटात ठेवला होता. महिनाअखेरीस त्या रिटायर होणार होत्या.

"चुकी माझी हाय, बाई. मी कदी उघडून बघितलंच न्हाय."

बाईंनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नवनाथला वाटलं. त्यांनी चष्मा पुसला, कपाटातून रजिस्टर काढलं आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"कॉम्प्युटरला नवी डिस्क बसली न्हवं? माझ्या नावानं उघड. मी वाचते, तू टाइप कर."

चौथ्या दिवशी सहाशे दहा नोंदी झाल्या. पुढचं पान नव्हतं. बाईंनी पाकीट टेबलावर उपडं केलं. एका तुकड्यावर 'बिरप्पा' एवढंच वाचता येत होतं. नोंद कितवी, बापाचं नाव काय, गाव कुठलं, काहीच नाही. बाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं.

"न्हाय आठवत," त्या म्हणाल्या. "अठरा पोरं होती रे त्या पानावर."

"मग सहाशे एकोणतीसपासनं घ्यायचं?"

"न्हाय. नंबर टाक समदे. नावं रिकामी सोड. शाळेत होती की ती."

नवनाथनं एकेक करून अठरा नंबर घातले. घरी जाण्याआधी त्यानं बाईंच्या लॉगिनमधून बॅकअप घेतला आणि या वेळी उघडूनही पाहिला. अठरा रिकाम्या ओळी त्यात जशाच्या तशा आल्या होत्या.