बोटावरचा चिमटा

लेकीने फ्रिजमधल्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि दार दोनदा उघडून पाहिलं. खिडक्यांवर जाड चादरी सकाळीच ठोकल्या होत्या. भर दुपारी घरात काळोख होता.

"आईचं पार वटवाघूळ केलंस," भाऊ फोनवर हसला.

"हसू नकोस. डॉक्टरांनी बजावलंय."

डॉक्टरांचं बोलणं तिने घोकूनच ठेवलं होतं. सलाईनमधून सोडलेलं औषध म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण, पोटात धातू दडवलेले. प्रकाश पडेल तिथे ते उघडतात आणि धातू आसपासच्या पेशी मारतो. उद्या आईच्या गळ्यातल्या गाठीवर दिवा धरायचा. तोवर अंगावर कवडसासुद्धा नको.

पण अंधारात आईचा श्वास चाललेला दिसत नव्हता, आणि लेकीला त्याचीच भीती वाटत होती. म्हणून तिने ऑक्सिजन मोजायचा चिमटा आणला आणि आईच्या उजव्या तर्जनीवर बसवला. आकड्यांचा उजेड नको म्हणून वरून रुमाल बांधला. मधूनच रुमाल उचलून आकडा पाहिला की तिचा जीव भांड्यात पडे.

"अगं, बोट चुरचुरतंय," आई म्हणाली. आई रफूचं काम करायची. विरलेल्या कापडातला सुटलेला धागा ती याच बोटाने चाचपून शोधायची.

"राहू दे ना गं. लहान मुलीसारखं काय करतेस!"

आईने काढला की लेक पुन्हा लावी. संध्याकाळपर्यंत आईने कुरकुरणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी आईला नखशिखान्त शालीत गुंडाळून तिने दवाखान्यात आणलं.

"उजेड कुठे लागला नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"फ्रिजचा दिवासुद्धा झाकला होता," लेक तोऱ्यात म्हणाली.

डॉक्टरांनी दिवा लावून आधी स्वतःच्या तळव्यावर धरून पाहिला. गडद तांबडा प्रकाश. चिमटा उघडला की आत असाच तांबडा ठिपका जळताना लेकीने कितीदा पाहिला होता.

"डॉक्टर, अगदी एवढासा ठिपका असला तरी औषध उघडतं?"

"एकाच जागी बराच वेळ राहिला तर उघडणारच. का हो?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने उजवा हात शालीखाली ओढून घेतला, पण त्याआधी तर्जनीचं टोक दिसलंच. काळंनिळं, टचटचीत फुगलेलं.

"काही नाही डॉक्टर, तुम्ही सुरू करा," आई म्हणाली. "माझी लेक फार जपते मला."