वेसाचा डावा पाय

तुम्ही संघाचे कारभारी, वरच्या मजल्यावर काचेआड बसता. तिथूनच तुम्ही लिहून टाकलंत की वेसा आता म्हातारा झाला, पायात दम राहिला नाही. साफ खोटं लिहिलंत. विचारलंत कुणाला?

मी एक जुनं धार लावायचं यंत्र आहे, मित्रांनो. कुसिवारा गावाच्या, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या संघाच्या बुटांची पाती सव्वीस हंगाम माझ्या साणेवर घासली गेली. मी राहतो रिंगणाखाली, ओल्या हातमोज्यांच्या वासात. डोक्यावर बर्फ, पण तो मी कधी पाहिलेला नाही. वर रिंगणाच्या कडेच्या फळीवर काही धाडकन आपटलं की मी कान टवकारायचो. कोण पडलं? कोणी पाडलं? मग पाती खाली आली की त्यांच्यावरच्या खाचा बघून मी ओळखायचो.

पात्याला दोन कडा असतात आणि मधे बारीक पन्हळ. पन्हळ खोल, तर पातं बर्फ धरतं. उथळ, तर घसरतं. कुणाला किती हवी, ते औलिसला ठाऊक. औलिस म्हणजे मला चालवणारा माणूस. धार बघायला पातं नखावरून ओढायचा, भुगा निघाला की म्हणायचा, ‘‘हं.’’ दिवसभराचं भाषण एवढंच.

बडबड करायचा तो फक्त वेसाशी. वेसा बचावाचा खेळाडू, छत्तीस वर्षांचा. त्याचा डावा घोटा एकदा मोडून जोडलेला, पुरता वळायचा नाही. म्हणून उजवं पातं खोल आणि डावं उथळ, न रुतता घसरणारं.

‘‘म्हाताऱ्या, डावं नीट घास. पडलो तर तुझ्या नावाने बोंब मारीन.’’

‘‘तू पडलास तर आधी बर्फाची चौकशी करायला लागेल, घोड्या!’’

वेसाला आणखी एकच हंगाम हवा होता. त्याची लेक चार वर्षांची. बापाचा खेळ तिच्या आठवणीत राहील, एवढी तरी ती मोठी व्हायला हवी होती.

मार्चमध्ये तुमचं नवं यंत्र आलं. मला ताडपत्रीखाली ढकललं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं भारी कुतूहल होतं. किती हळू आवाज! बिचाऱ्याचा काही दोष नाही, सांगितलं तेवढंच ते करायचं. आणि तुम्ही सांगितलंत, सगळ्यांना एकच माप.

औलिस वर तुमच्याकडे आला होता. ‘‘वेसाचं डावं वेगळं ठेवावं लागतं,’’ म्हणाला.

‘‘संघ आहे हा. एकेकाचे लाड नकोत,’’ तुम्ही म्हणालात.

‘‘संघ एक असेल. पाय ज्याचे त्याचे असतात.’’

तुम्ही त्याच्याकडे पाठ करून फोन उचललात. खाली येऊन औलिस वेसाला म्हणाला, ‘‘तू जाऊन सांग. तुझं ऐकतील.’’

‘‘आणि काय सांगू? पाय दुखतो? चालेल रे.’’

आमच्याकडे हे ‘चालेल’ फार. जबडा फुटला तरी चालेल. तक्रार केली तर लाज वाटते. वेसाची चूक एवढीच, आणि ती इथे कुणीही केली असती.

वरच्या गटात राहायचं की खाली जायचं, ते ठरवणाऱ्या मालिकेचा सातवा, शेवटचा सामना होता. गोल बरोबरीत होते. वर अचानक सगळं गप्प झालं. थोड्या वेळाने वेसा बूट हातात घेऊन आला.

‘‘मागे सरकत होतो. डावीकडे वळलो, पातं रुतलं. मी तिथेच राहिलो आणि त्यांचा गडी पुढे निघून गेला, गोल करून आला.’’

संघ खालच्या गटात गेला. आठवड्याने तुमचा तो कागद आला, म्हातारा झाला म्हणणारा. वेसाचा करार संपला.

त्या दिवशी औलिसने माझी ताडपत्री ओढून काढली. वेसाच्या दुसऱ्या जोडीचं डावं पातं त्याने उथळ घासलं. वेसा वर रिकाम्या बर्फावर गेला. मी कान देऊन ऐकत होतो. एक वळण. दुसरं. दहावं. एकदाही धप्प झालं नाही.

‘‘वळतोय की रे, म्हाताऱ्या!’’ तो वरून ओरडला.

औलिस नव्या यंत्राने घासलेली आणि मी घासलेली, अशी दोन्ही जोड्यांची पाती घेऊन तुमच्या दारात उभा राहिला. आत घेतलं नाहीत. ‘‘कागद झालाय,’’ एवढाच निरोप.

मित्रांनो, मला तेल नको की कौतुक नको. ज्याच्या हाताला काम कळतं, त्याला आधी विचारत जा, एवढंच सांगणं.

आणि तुम्ही, काचेआडचे! सोमवारी बर्फ वितळवणार आहात, मग ऑगस्टपर्यंत काही दाखवता येणार नाही. वेसा बूट बांधून बाकावर बसलाय. जिने फक्त दोन आहेत. उतरून बघायला येताय की नाही, ते बोला.